‘बरा होणे’ आणि ‘बरा असणे’ : दीर्घ आजाराच्या भाषेविषयी काही विचार

१

उतारवयात जडलेल्या आणि बहुधा देहाबरोबरच संपणाऱ्या आजारांविषयी मराठीत अलीकडे विपुल लेखन होऊ लागले आहे. आत्मकथने, वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतील लेख, रुग्णांच्या मेळाव्यांतील भाषणे, उपदेशपर पुस्तके असे त्याचे नानाविध प्रकार आढळतात. त्यांतील आजार भिन्न असले, तरी उपदेश बहुधा एकच असतो : रुग्णाने ‘सकारात्मक’ राहावे. या उपदेशामागील सद्भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि सद्भावनेने उच्चारलेल्या शब्दाचीही परीक्षा व्हावी लागते, आणि ती करणे हे भाषेच्या अभ्यासकाचे कर्तव्यच होय. दीर्घ आजारात मन उभे राहते ते कशाच्या आधाराने, त्या आधाराला आपल्या भाषेत कोणती नावे आहेत, आणि ‘सकारात्मक’ हा शब्द त्या नावांची जागा घेऊ शकतो काय, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घ्यावयाचा आहे.

२

आजार आणि भाषा यांच्या संबंधाची चर्चा व्हर्जिनिया वुल्फ यांच्या ‘ऑन बीइंग इल’ या निबंधापासून सुरू करण्याची प्रथा आहे. जानेवारी १९२६ मध्ये टी. एस. एलियट यांच्या ‘न्यू क्रायटेरियन’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. प्रेमाला, युद्धाला व मत्सराला वाङ्मयात जे स्थान मिळाले, ते आजारपणाला का मिळू नये, असा वुल्फ यांचा प्रश्न आहे. हॅम्लेटचे विचार पेलणारी इंग्रजी भाषा साधी डोकेदुखी वैद्यापुढे मांडताना मात्र आटून जाते, अशी त्यांची तक्रार होती. पुढे १९८५ मध्ये इलेन स्कॅरी यांनी ‘द बॉडी इन पेन’ या ग्रंथात हा विचार आणखी पुढे नेला. तीव्र वेदना भाषेला केवळ चुकवीत नाही, ती भाषेचा विध्वंसच करते, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

मराठीच्या अभ्यासकाने हे मत जसेच्या तसे स्वीकारण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्या बायकांची भाषा एकदा कान देऊन ऐकावी. ठणका, ठसठस, कळ, चमक, तिडीक, सणक, रग, उसण, लचक, चुरचुर, जळजळ, हुळहुळ, कणकण, कसकस हे सर्व शब्द दुखण्याचे आहेत. परंतु त्यांपैकी कोणतेही दोन समानार्थी नाहीत. दाढ ठणकते, गळू ठसठसते, पाठीत उसण भरते, उभ्याने काम करून पायांना रग लागते आणि ताप भरण्यापूर्वी अंगात कणकण येते. दात ‘हुळहुळला’ किंवा अंगात ‘उसण भरली’ असे म्हटले तर ऐकणारा हसेल. यांतील कित्येक शब्द अनुकरणवाचक किंवा अभ्यस्त आहेत. वेदनेची लय त्यांच्या नादातच उमटलेली दिसते. रॉनल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये मॅकगिल विद्यापीठात वेदनामापनाची जी प्रश्नावली सिद्ध केली, तीत ७८ शब्द वीस गटांत मांडलेले आहेत. अशी मांडणी मराठीत करावयाची झाल्यास शब्दांची वाण पडणार नाही.

मग अडचण कोठे आहे? हे सर्व शब्द क्षणाचे आहेत, ही खरी अडचण होय. कळ येते आणि जाते, ठणका लागतो आणि थांबतो. दीर्घ आजार मात्र येतो आणि राहतो. तेव्हा वुल्फ यांची तक्रार मराठीपुरती बदलून घ्यावयास हवी. आपल्याला उणीव आहे ती वेदनेच्या शब्दांची नव्हे. वेदना सरत नसताना सरणाऱ्या काळाविषयी बोलण्याची सवय आपण गमावीत आहोत. शब्द आहेत, पण त्यांच्यावरील आपली पकड सुटत चालली आहे.

३

या दृष्टीने ‘बरा’ हा अगदी साधा शब्द पाहण्याजोगा आहे. ‘तो बरा झाला’ म्हणजे आजारातून उठला. ‘प्रकृती बरी आहे’ म्हणजे उत्तम नव्हे, पण चालण्यासारखी आहे. ‘त्यापेक्षा हे बरे’ यात तुलना आहे. ‘बरे केलेस’ यात संमती आहे. आणि संभाषणात येणारे नुसते ‘बरं’ हा केवळ होकार आहे. एकाच शब्दात आरोग्य, मध्यमपणा आणि स्वीकार हे तिन्ही अर्थ नांदतात. हे शब्दाचे दौर्बल्य नसून त्याचे शहाणपण आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

येथे क्रियापदाचा भेद निर्णायक ठरतो. ‘बरा होणे’ यात अवस्थांतर आहे, म्हणजेच एका स्थितीतून दुसरीत प्रवेश आहे. ‘बरा असणे’ यात केवळ स्थिती आहे. तापाचा रोगी बरा ‘होतो’. मधुमेह, संधिवात, दमा किंवा कंपवात जडलेला वृद्ध बरा ‘होत’ नाही. परंतु तो बरा ‘असू’ शकतो. भेटीस येणारे जेव्हा ‘लवकर बरे व्हा’ असे म्हणतात, तेव्हा ते ज्या क्रियापदाचा आशीर्वाद देतात, ते या माणसाच्या वाट्याचे नाही. तो हसून मान डोलावतो, आणि दोघांमधील संभाषण तेथेच संपते.

आर्थर फ्रँक यांनी ‘द वूंडेड स्टोरीटेलर’ (१९९५) या ग्रंथात आजाराच्या कथनाचे तीन घाट सांगितले आहेत. पहिल्यात माणूस आजारी पडतो, उपचार घेतो व पूर्ववत् होतो. दुसऱ्यात काहीच सुसूत्र सांगता येत नाही. सर्व अस्ताव्यस्त असते. तिसऱ्यात आजार हा शोधाचा प्रवास बनतो आणि माणूस त्यातून काही घेऊन परततो. फ्रँक हे स्वतः हृदयविकार व कर्करोग या दोहोंतून गेलेले होते. त्यामुळे त्यांच्या विवेचनाला अनुभवाचे वजन आहे. तरीही एक आक्षेप घेता येईल. पहिला घाट ‘बरा होणे’ या क्रियापदावर उभा आहे, आणि तिसऱ्यातही कोठून तरी परत येणे अभिप्रेत आहे. जेथून परतावयाचे नाही अशा मुक्कामाची, म्हणजे ‘बरा असण्याची’, कथा या तिहींत नीट बसत नाही. वार्धक्यातील बहुसंख्य आजारांची कथा तर हीच आहे. तीत कळसाध्याय नसतो. सकाळची गोळी, दुपारची झोप, संध्याकाळचे चार पाय चालणे एवढेच असते. कथानक नाही म्हणून तिला अर्थ नाही, असे मानण्याचे कारण नाही.

४

आता ‘सकारात्मक’ या शब्दाकडे वळू. मराठीत रोगाविषयी बोलताना माणूस सामान्यतः चतुर्थीत येतो : ‘मला दमा आहे’, ‘मला ताप आला’. येथे प्रथमान्त पद आजाराचे आहे आणि क्रियापद त्याच्याशी जुळते; माणूस ज्याच्यापाशी आजार आला, तो एवढाच. या रचनेत एक प्रकारचा न्याय आहे. आजार आला, त्याने आणला नाही. कालांतराने हाच माणूस ‘माझी शुगर’, ‘माझे गुडघे’ असे म्हणू लागतो. चतुर्थीची जागा षष्ठी घेते व आजार घरचा होतो. क्वचित् तो ‘मी मधुमेही’ असे म्हणतो. मग आजार हाच त्याचा परिचय ठरतो.

मराठीत आणखी एक रचना आहे, तीत माणूस पुन्हा कर्ता होतो. तो ‘दिवस काढतो’, ‘काळ कंठतो’, ‘दिवस रेटतो’. या सर्व क्रिया कष्टाच्या असून त्यांचे कर्म काळ हे आहे. रोगावर आपली सत्ता नाही, पण दिवसावर थोडीफार आहे, हे ज्ञान या वाक्प्रचारांत साठविलेले आहे.

‘सकारात्मक राहा’ हे वाक्य आज्ञार्थी आहे. आज्ञार्थ वापरताना, सांगितलेली क्रिया ऐकणाऱ्याच्या हाती आहे, असे गृहीत धरलेले असते. ‘दार लाव’ असे म्हणता येते. ‘उंच हो’ असे म्हणता येत नाही. मन प्रसन्न असणे हे या दोहोंपैकी कोणत्या जातीचे, हा प्रश्न आज्ञार्थ विचारूच देत नाही.

याउलट ‘धीर’ हा शब्द पाहावा. धीर धरता येतो, धीर देता येतो, धीर सुटतो, धीर खचतो. म्हणजे धीर ही दोघांमध्ये देवघेव होऊ शकणारी वस्तू आहे. एकाचा संपला तर दुसरा देऊ शकतो. आणि धीर सुटला, तर तो सुटतो. माणूस तो सोडतोच असे नाही. ‘उमेद’ खचते आणि येते. ‘उभारी’ येते आणि धरता येते. अगदी ‘हाय खाणे’ या वाक्प्रचारातही निंदेपेक्षा कणवच अधिक आहे. ‘सकारात्मकता’ मात्र कोणी कोणास देत नाही. ती केवळ मागितली जाते. तिचा अभाव हा अपघात न राहता दोष ठरतो. माझा मुख्य आक्षेप या फरकाला आहे. शब्द नवा आहे याला नव्हे.

५

हा आक्षेप केवळ व्याकरणाचा वाटू नये म्हणून घरातील एक उदाहरण देण्याची अनुज्ञा वाचकांकडे मागतो. प्रस्तुत लेखकाचे वडील निवृत्त शाळामास्तर असून गेली काही वर्षे त्यांना कंपवात आहे. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या वैद्याने १८१७ मध्ये ज्याचे वर्णन प्रसिद्ध केले, तोच हा आजार. मेंदूच्या एका विशिष्ट भागातील पेशी नष्ट होत जातात, डोपामिन हे द्रव्य कमी पडते आणि हालचाली मंदावतात, स्नायू ताठरतात, हात कापतो. भाषेच्या अभ्यासकाला त्याची आणखी तीन लक्षणे विशेष जाणवतात : अक्षर लहान होत जाते, आवाज खाली जातो आणि चेहऱ्यावरील भाव मावळतात.

फळ्यावरील ज्या अक्षरासाठी वडील ओळखले जात, ते वहीत मोहरीएवढे होऊ लागले. परंतु अधिक दुःखद गोष्ट चेहऱ्याची होती. भेटीस येणारे आप्त त्यांचा निश्चल चेहरा पाहून त्यांना उदास ठरवीत आणि ‘नाना, हसत राहा, सकारात्मक राहा’ असा उपदेश करीत. एकदा असाच उपदेश करून मंडळी गेल्यावर ते मला हळू आवाजात म्हणाले, ‘‘अरे, हसलोय मी. चेहऱ्याला अजून कळलं नाही.’’

या वाक्यानंतर त्या उपदेशाविषयी अधिक काही सांगण्याची वस्तुतः गरज राहत नाही. हसण्याचे स्नायूच ज्या रोगाने मंदावले, त्या रोग्याला हसण्याची आज्ञा करणे म्हणजे लंगड्याला पळण्याची आज्ञा करणे होय. शिवाय या आजारात येणारे औदासीन्य पुष्कळदा मेंदूतील त्याच बिघाडाचा भाग असते. कधी कधी ते हात कापू लागण्यापूर्वी काही वर्षे प्रकट होते, आणि त्यावर उपचारही करता येतात. त्याला वृत्तीचा दोष मानले, तर उपचार राहून जातो. उभ्या महाराष्ट्राला हसविणाऱ्या पु. ल. देशपांडे (१९१९–२०००) यांनाही अखेरच्या वर्षांत याच आजाराने गाठले होते, हे आठवले तरी वृत्ती आणि व्याधी यांची सांगड घालताना आपण सावध होऊ.

वडिलांच्या उत्तरांत पडलेला फरकही नोंदविण्यासारखा आहे. ‘कसे आहात?’ या प्रश्नाला पहिल्या वर्षी ते ‘होईन बरा’ असे म्हणत. पुढे ‘बरं आहे’ असे म्हणू लागले. अलीकडे ते ‘आत्ता बरं आहे’ असे म्हणतात. या आजारात काही वर्षांनंतर औषधाचा अंमल पुढच्या गोळीची वेळ होण्यापूर्वीच ओसरू लागतो. त्यामुळे दिवसाचे चांगले आणि वाईट असे तुकडे पडतात. ‘आत्ता’ या एका क्रियाविशेषणात त्या तुकड्यांचे अचूक ज्ञान आहे. त्यात आशावाद नाही, निराशाही नाही. आहे तो हिशेब. चालताना पाय जमिनीला चिकटले की ते फरशीच्या रेघा पाहतात आणि एकेक रेघ ओलांडतात; दृष्टीला खूण मिळाली की पाऊल सुटते, हे या रोगात अनेकांना अनुभवास येते. रेघांच्या वहीत रोज सकाळी एक ओळ मोठ्या अक्षरात लिहिण्याचा त्यांचा नेम आहे. रेघ ठरवून देणारी आमची आई आहे, हेही सांगितले पाहिजे.

६

‘सकारात्मक’ विचाराच्या पुरस्कर्त्यांची बाजू आता पाहू. नॉर्मन व्हिन्सेंट पील यांचे या विषयावरील सुप्रसिद्ध पुस्तक १९५२ मध्ये निघाले आणि तेव्हापासून मनाच्या बळावर रोग परतविता येतो ही समजूत दूरवर पसरली. मनाचा देहावर परिणाम होतो, हे कोणीही नाकारणार नाही. धास्तावलेला रोगी औषध चुकवितो, व्यायाम टाळतो, माणसांत मिसळत नाही. आणि त्याची प्रकृती ढासळते. परंतु येथून ‘प्रसन्न राहणारा वाचतो’ या सिद्धान्तापर्यंत उडी मारता येत नाही. जेम्स कॉइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये डोके व मान यांच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. रुग्णांची भावनिक स्थिती आणि त्यांचे जगणे-वाचणे यांत त्यांना संबंध आढळला नाही. एका रोगाविषयीचा हा निष्कर्ष सर्व रोगांना लावू नये, हे खरे. पण उलट दिशेचा सर्वव्यापी दावाही तितकाच निराधार ठरतो.

सूझन सॉन्टॅग यांनी ‘इलनेस ॲज मेटॅफर’ (१९७८) मध्ये दाखवून दिले की, रोगाचे मूळ मनात शोधणारे सिद्धान्त शेवटी रोग्यालाच अपराधी ठरवितात. आपल्याकडे तर या अपराधाची जागा पूर्वीपासून तयार होती. ‘मागल्या जन्मीचे भोग’ असे म्हणणारी पिढी मागे पडली आणि ‘नकारात्मक विचारांचा परिणाम’ असे म्हणणारी पुढे आली. पहिलीने कारण गतजन्मात ठेवले, दुसरीने ते गेल्या आठवड्यातील मनःस्थितीत ठेवले. आरोपी मात्र तोच राहिला. म्हणून जुनी भाषा ती सारी चांगली असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. ‘भोग’ हा शब्दही तपासून बाजूला ठेवावा लागेल. जुन्या भाषेतून निवड करावयाची आहे, तिची पूजा नव्हे.

७

अशी निवड करताना एक शब्द विशेष विचारार्ह वाटतो. आयुर्वेदात व्याधींचे साध्य आणि असाध्य असे भाग करून असाध्याचेही दोन प्रकार मानले आहेत. एकात वैद्याने उपचारच नाकारावा, दुसरा ‘याप्य’. जो बरा होत नाही, परंतु उपचार व पथ्य चालू असेपर्यंत आवरून राहतो, तो व्याधी याप्य होय. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात याप्याचे जे वर्णन आहे, त्याचा आशय असा की, आयुष्य शेष असल्यामुळे तो निभतो, पथ्याने त्यात थोडे सुख लाभते आणि लहानशा कारणाने तो उचल खातो. ‘थोडे सुख’ हा तपशील मोलाचा आहे. दीर्घ आजारात सुख नसतेच असे नव्हे, आणि पुष्कळ असते असेही नव्हे. सुश्रुतसंहितेत याच प्रसंगी एक दृष्टान्त येतो. पडू पाहणारे घर नीट लावलेल्या टेकूने जसे उभे राहते, तसा याप्य रोगी योग्य उपचाराने टिकतो.

या शब्दाचा धातू ‘या’ म्हणजे जाणे. त्याचे प्रयोजक रूप ‘यापयति’ म्हणजे घालविणे, चालविणे. ‘कालयापन’ हा आपल्या परिचयाचा शब्द त्याच कुळातला. ‘दिवस काढणे’ आणि ‘यापन’ यांतील नाते येथे स्पष्ट होते. परंतु याच शब्दाचा दुसरा अर्थ ‘हीन, कुत्सित’ असाही आहे. पाणिनीने याप्य या अर्थी ‘पाश’ हा प्रत्यय सांगितला आहे. ‘वैयाकरणपाश’ म्हणजे वाईट व्याकरणकार. आम्हा भाषाभ्यासकांना जपून राहावयास लावणारे हे उदाहरण आहे. ज्याला चालवून घ्यावयाचे, तोच घालवून देण्याजोगा कसा ठरतो, हे या एका शब्दाच्या दोन अर्थांत दिसते. घरातील वृद्ध रोग्याच्या बाबतीत समाज या दोन अर्थांमध्येच झोके घेत असतो.

टेकूच्या दृष्टान्ताने या चर्चेची दिशाच बदलते. सकारात्मकतेच्या उपदेशात घराने आपल्या मनोबलावर उभे राहावे अशी अपेक्षा असते. सुश्रुताच्या दृष्टान्तात टेकू कोणीतरी लावावा लागतो, आणि तो ‘नीट’ लावावा लागतो. हा दृष्टान्त रोग्याला निष्क्रिय करतो, असा आक्षेप येईल. पण टेकू लागला की घर घरच राहते. त्यात दिवा लागतो, पाहुणा येतो. बाबा आमटे यांचे उदाहरण बोलके आहे. मणक्याच्या विकारामुळे त्यांना बसणे अशक्य झाले होते. एक तर उभे राहावे, नाही तर आडवे व्हावे, अशी त्यांची स्थिती होती. तरीही १९८५ च्या अखेरीस, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, ते ‘भारत जोडो’ यात्रेत कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. या घटनेचे वर्णन करताना आपण त्यांच्या इच्छाशक्तीचा गौरव करतो, आणि तो यथार्थही आहे. परंतु त्या प्रवासासाठी वाहनात बिछान्याची सोय करावी लागली, हा भाग गौरवाच्या भरात गळून जातो. इच्छाशक्ती त्यांची होती; बिछाना इतरांनी मांडला. दोहोंपैकी एकच सांगितले, तर सामान्य रोग्याला त्या कथेतून धीर मिळण्याऐवजी न्यूनगंड मिळतो.

८

सारांश असा की, दीर्घ आजारात मन टिकते ते सर्वसाधारण प्रसन्नतेच्या बळावर नव्हे. एखादी लहान, ठरलेली गोष्ट आज आपल्या हातून होईल या प्रत्ययावर ते टिकते, आणि ती व्हावी म्हणून कोणीतरी आखून दिलेल्या रेघेवर टिकते. हे सांगण्यास मराठीत शब्द आहेत : बरा असणे, आत्ता, दिवस काढणे, धीर देणे, पथ्य, टेकू. त्यांतील एकही चकचकीत नाही. परंतु त्यांपैकी कोणताही शब्द रोग्याला त्याच्या रोगाबद्दल दोषी ठरवीत नाही.

या विषयात संशोधनाला पुष्कळ वाव आहे. दुखण्याच्या शब्दांचा विभागवार संग्रह, ‘मला’ पासून ‘माझा’ पर्यंत होणारे विभक्तीचे स्थलांतर, भेटीस येणाऱ्यांच्या व शुश्रूषा करणाऱ्यांच्या वाक्यांतील आज्ञार्थाचे प्रमाण, यांपैकी प्रत्येक विषय पदव्युत्तर प्रबंधास पुरेसा आहे. विद्यार्थ्यांनी हे काम हाती घ्यावे. मात्र रोग्याची संमती घेऊन, त्याच्या सोयीच्या वेळी, आणि उत्तराची घाई न करता ते करावे. आवाज खाली गेलेल्या माणसाचे बोलणे ऐकावयाचे, तर खुर्ची जवळ ओढून बसावे लागते, आणि पहिले वाक्य संपल्यावरही थोडे थांबावे लागते. पुष्कळदा सांगण्यासारखे ते दुसऱ्या वाक्यात असते.